उदाहरणादाखल दिलेला माणूस

४ जून

मावशी,

तुझे पत्र मिळाले. त्यात रडणे, धुलाईघरातली वाफ आणि आईबद्दलच्या तक्रारी एकमेकांत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्यावर घडलेले असे दिसते:

१. हॉटेलचे मालक बदलले.
२. तुमच्या धुलाई विभागाच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या.
३. त्यांचे काम तेव्हापासून तूच करतेस. पद मात्र रिकामे आहे.
४. नव्या मालकांचे म्हणणे असे की प्रमुखाला पाहुण्यांशी इंग्रजीत बोलता आले पाहिजे.
५. २७ जूनला मुलाखत आहे. उमेदवार दोन: तू आणि स्वागतकक्षातला टायवाला.
६. पद तुला मिळाले नाही तर टायवाला तुझा साहेब होईल, आणि त्याला चादरीची उलटी बाजू कळत नाही.

काही चुकले असल्यास कळव.

मी फोनवर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’ एवढेच बोलते, म्हणून तुला पत्रातून शिकायचे आहे. मान्य आहे.

इंग्रजीत क्रियापदे दोन प्रकारची असतात. अनियमित क्रियापदांत प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ती एकेक करून पाठ करावी लागतात. त्यांना आपण हात लावणार नाही. नियमित क्रियापदे सगळी एकाच पद्धतीने चालतात. एक समजले की बाकीची समजली. मुलाखत तेवढ्यावर निभावता येईल.

आय प्रेस: मी इस्त्री करते, रोज.
ही प्रेसेस: तो करतो. इंग्रजीत ‘ही’ म्हणजे तो आणि ‘शी’ म्हणजे ती. याबद्दल माझ्याशी भांडू नकोस.
आय प्रेस्ड: मी केली. हे रूप तो, ती, ते, आपण, सगळ्यांना सारखेच.
आय ॲम प्रेसिंग: आत्ता करते आहे.
आय विल प्रेस: करीन.

सरावासाठी: द लिफ्ट स्टॉप्स. द लिफ्ट स्टॉप्ड. द लिफ्ट विल स्टॉप. याच चालीवर ओपन, क्लोज, चेक आणि लोड ही क्रियापदे कर.

तुझी भाची


९ जून

प्रिय मोजपट्टी,

अनेक आशीर्वाद. सहाव्या मुद्द्यात चूक आहे. त्याला चादरीची सुलटी बाजूही कळत नाही.

तुझा तक्ता मोठ्या इस्त्रीच्या वर भिंतीला चिकटवला होता. वाफेनं शाई ओघळली आणि पहिल्याच दिवशी भूतकाळ वाहून गेला. म्हणून मग पोरींनी पाठच करून टाकलं. आता पायपट्टी दाबली की सगळ्या मिळून ‘प्रेस’, वाफ सुटली की ‘प्रेसिंग’, झाकण वर गेलं की ‘प्रेस्ड’. सूर छान लागतो. सुराच्या नादात एका पाहुण्याच्या कोटाचा भूतकाळ जरा जास्तच झाला. पाठीवर चकाकी आली आहे. बघू, त्याला पाठ कुठे दिसते.

पण तुझी वाक्यं, बाई. लिफ्ट थांबते, लिफ्ट थांबली, लिफ्ट थांबेल. वाचून जीव गुदमरला माझा. मुलाखतीत मला लिफ्टबद्दल कोण विचारणार आहे? माणसं घाल की त्यात. येणारी, चिडणारी, हसणारी. दिवसभर तुला कोणी दिसत नाही का? जे दिसतं तेच लिही, फार डोकं चालवू नकोस.

टायवाला काल दारात येऊन म्हणाला, “काय मावशी, तयारी कुठवर?” मी म्हटलं, “आय ॲम प्रेसिंग.” तो टाय सारखा करत निघून गेला. तसा वाईट नाही तो. पण माझ्या खुर्चीत बसून तो मला टॉवेलच्या घड्या शिकवणार असेल, तर मी घरी बसेन. हे मी हसत लिहिलंय, पण खरं आहे.

मावशी


१३ जून

मावशी,

तक्ता पुन्हा पाठवत आहे. या वेळी पेन्सिलीने लिहिला आहे. वाफेने जात नाही.

कल्पनाशक्ती हा माझा विषय नाही. तू सांगितल्याप्रमाणे काल कामावर जे दिसले तेच घेतले आहे.

ही वेट्स डाउनस्टेअर्स. ही वेटेड. ही विल वेट.
ही कॅरीड माय टूल्स.
ही पोअर्ड टी. ही ऑफर्ड द बिगर कप.
ही जोक्ड. आय डिड नॉट लाफ.
आय लाफ्ड लेटर.
ही आस्क्ड. आय डिड नॉट ॲन्सर.

नकाराकडे लक्ष दे. ‘डिड नॉट’ लागले की क्रियापद आपल्या मूळ रूपात परत येते. ‘डिड नॉट लाफ्ड’ असे होत नाही.

शेवटच्या वाक्याचे भविष्यकाळी रूप तू करून पाठव.

तुझी भाची


१७ जून

प्रिय मोजपट्टी,

अनेक आशीर्वाद. तो कोण?

तुला ताप आला तर तू बरी झाल्यावर कळवतेस. घर बदललंस ते आम्हाला पाकिटावरच्या पत्त्यावरून कळलं. आणि आता एक माणूस खाली उभा राहतो, हत्यारं उचलतो, चहा ओततो, आणि हे तू मला तिन्ही काळांत लिहितेस?

मोठा कप कोणी उगाच देत नाही. तुझे काका अजून मोठा कप स्वतःकडे ओढतात.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं, म्हणजे अभ्यास म्हणून. ‘आय लाफ्ड लेटर’ला सगळ्यांनी डबे खाली ठेवले. घड्या घालणारी म्हणाली, “मावशी, ते परत म्हणा.” परत म्हटलं, तर तिनं हातातल्या उशीच्या अभ्र्यानं डोळे पुसले. पाहुण्याचा अभ्रा. पुन्हा धुवायला टाकला.

ताईला मी काही सांगितलेलं नाही. म्हणजे चहापर्यंतच सांगितलं.

आता अभ्यासाचे प्रश्न. काय विचारलं त्यानं? घरी कोण कोण असतं? पगार किती? उंची? आणि तू त्याला ‘तुम्ही’ म्हणतेस की ‘तू’?

गृहपाठ: शी विल ॲन्सर.

मावशी


२० जून

मावशी,

गृहपाठ बरोबर आहे.

‘ही’ हे उदाहरण आहे. उदाहरणाला कुटुंब, पगार आणि उंची नसते. त्यामुळे तुझे प्रश्न गैरलागू आहेत. ‘तुम्ही’ म्हणते. कामावर सगळ्यांनाच म्हणते.

गैरसमज वाढू नये म्हणून कामाची पद्धत सांगते. लिफ्टची तपासणी दोघांनी करायची असते. मी इमारतीच्या वर, मोटरच्या खोलीत असते. दुसरा माणूस तळाला, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात असतो. बोलणे वॉकीटॉकीवर. तिथे नावे घेत नाहीत, वेळ जातो. मी ‘वरची’, तो ‘खालचा’. मी म्हणते, “वर घेते.” त्याने तेच परत म्हणायचे, “वर घ्या.” तो परत म्हणेपर्यंत मी बटणाला हात लावत नाही. तो काही म्हणाला तर मी परत म्हणायचे. परत न म्हटलेली गोष्ट बोललीच गेली नाही असे धरायचे. या नियमामुळे खालचा माणूस जिवंत राहतो. चहाचा याच्याशी संबंध नाही.

या वेळची वाक्ये टॉवेलवर आहेत.

वी वॉश्ड द टॉवेल्स. द टॉवेल्स ड्राइड. वी फोल्डेड द टॉवेल्स. वी विल काउंट द टॉवेल्स.

ही नीट पाठ कर. मुलाखत जवळ आली आहे.

तुझी भाची


२२ जून

प्रिय मोजपट्टी,

उदाहरणाला चहा कशाला लागतो?

तुझं पत्र ताईच्या हाती पडलं. तिनं ‘खड्ड्यात’ एवढं वाचलं आणि कागद माझ्यापुढे नाचवला. मी सांगितलं, तो खड्ड्यात असतो, ही नाही. तर म्हणते, “मग त्याला वर कोण काढणार?” आईच ती तुझी. बरोबर जागी बोट ठेवते.

टॉवेलचं मात्र काही जमलं नाही. टॉवेल वाळला. वाळला तर वाळला, पुढे काय? सकाळी पाठ केलं आणि दुपारी सगळं वाहून गेलं. पोरी तर ऐकायलाच तयार नाहीत. त्यांना पुढचं हवंय. ‘ही वेटेड’ मात्र झोपेतून उठवून विचार, तिन्ही काळांत सांगते.

मी चौकशा करते असं तुला वाटतं. करतेच. पण एक खरं ऐक. माझ्या तोंडात परकी भाषा तेव्हाच बसते, जेव्हा ती कुणाची तरी गोष्ट असते. मला ते पद हवंय गं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या नावानं ते धुलाईघर चालवलं. आता पाच दिवस राहिले आहेत आणि माझ्याकडे नुसते टॉवेल आहेत.

मावशी


२४ जून

मावशी,

हे पत्र केवळ मुलाखतीसाठी आहे.

१. कंपनी दुसऱ्या शहरात शाखा उघडत आहे. खालच्याची तिथे बदली झाली आहे. तो १५ जुलैला जाईल. ही विल मूव्ह.
२. १२ जूनला तपासणी चालू असताना त्याने खड्ड्यातून वॉकीटॉकीवर विचारले, “तिकडे जायच्या आधी आपण लग्न करायचं का? वर ऐकू आलं का?” ही आस्क्ड.
३. मी म्हणाले, “दोर तपासते.” आणि लिफ्टचा दोर तपासला. आय चेक्ड द रोप.
४. दोर ठीक होता.
५. त्यानंतर त्याने पुन्हा विचारलेले नाही. चहा पूर्वीसारखाच चालू आहे. ही वेट्स.

उत्तर का दिले नाही असे तू विचारशील. जे मी तपासलेले नाही त्यावर मी सही करत नाही. दोराची झीज मोजायला माझ्याकडे उपकरण आहे. याला नाही.

वाचून पाठ कर. कोणाला सांगू नकोस.

तुझी भाची


२८ जून

प्रिय मोजपट्टी,

अनेक आशीर्वाद. मी सांगितलं. तिघांना सांगितलं, आणि ते तिघं मुलाखत घेणारे होते. आधी सगळं वाच, मग चिड.

आत गेले. टेबलामागे आमचा व्यवस्थापक, मुख्य कार्यालयातून आलेल्या एक चष्मेवाल्या बाई, आणि एक लिहून घेणारे गृहस्थ. बाई म्हणाल्या, तुमच्याबद्दल सांगा. इंग्रजीत. टॉवेल आठवायला गेले, एक टॉवेल जागेवर नाही. गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, “माय नीस रिपेअर्स लिफ्ट्स.”

विचारलं होतं माझ्याबद्दल, निघालीस तू. आता काय करणार? पुढे गेले. “वन मॅन वर्क्स बिलो. ही कॅरीड हर टूल्स. ही पोअर्ड टी. ही ऑफर्ड द बिगर कप.” बाई जराशा पुढे झुकल्या. “ही जोक्ड. शी डिड नॉट लाफ. शी लाफ्ड लेटर.” गृहस्थांनी लिहिणं थांबवलं. “ही आस्क्ड. शी चेक्ड द रोप.”

व्यवस्थापकानं पेन खाली ठेवलं. तो कधी हसत नाही. त्याचे दात मी काल पहिल्यांदा पाहिले.

बाईंनी विचारलं, “अँड द रोप?” मी म्हटलं, “द रोप पास्ड.” त्या म्हणाल्या, “अँड ही?” मी म्हटलं, “ही वेटेड. ही वेट्स. ही विल वेट.” तक्ता म्हणून नाही म्हटलं, मोजपट्टी. तिथं खरंच तिन्ही लागत होते.

मग मला एका पाहुण्याची तक्रार दिली, शर्टाचं बटण गेलं म्हणून. तोवर मी चांगली सुटले होते. “आय अपॉलोजाइज. वी चेक्ड. वी लोकेटेड द बटन. वी विल स्टिच.” सापडलं याला जो नेहमीचा शब्द आहे तो तुझ्या अनियमितातला, म्हणून मी अडले होते. ‘लोकेटेड’ आदल्या दिवशी टायवाल्यानं दिला. मी विचारलं आणि त्यानं दिला, आढेवेढे न घेता. म्हटलं ना, वाईट नाही. चादरीचं मी शिकवीन त्याला.

पद मिळालं. प्रमुख झाले मी. पोरींनी तीन इस्त्र्या एकदम दाबल्या आणि सगळं धुलाईघर वाफेनं भरलं. कोण कुणाच्या गळ्यात पडतंय ते दिसेना. मी एकदा टायवाल्याच्या गळ्यात पडले.

पण दारातून निघताना बाईंनी थांबवलं. “विल शी ॲन्सर?” मी म्हटलं, “शी विल ॲन्सर.” “व्हेन?” “बिफोर ही मूव्ज.” म्हणजे मी तुझ्या वतीनं ‘विल’ लावून आले आहे. पद मिळाल्यावर पहिलं वाक्य खोटं पडायला नको.

आता अभ्यास संपला, म्हणून मावशी म्हणून बोलते. तुझा नियम मला आता पाठ आहे. परत न म्हटलेली गोष्ट बोललीच गेली नाही असं धरायचं. तो बिचारा खड्ड्यात उभा राहून “ऐकू आलं का” म्हणाला आणि तू दोराला हात लावलास. त्याला काय कळणार, नाही म्हणालीस की ऐकूच गेलं नाही? म्हणून तर पुन्हा विचारत नाही तो. नियम पाळतोय. नको असेल तर नको म्हण. पण आधी परत म्हण.

आणि उपकरण नाही म्हणतेस. मी तुला म्हटलं, माणसं घाल. येणारी, चिडणारी, हसणारी, कोणीही. एवढ्या मोठ्या शहरात तुला एकच माणूस दिसला. आणखी काय मोजायचं राहिलंय?

मावशी
(प्रमुख, धुलाई विभाग. हे लिहायचं होतं कधीपासून.)


२ जुलै

मावशी,

पदाबद्दल अभिनंदन. ‘वी विल स्टिच’ हे उत्तर मला विशेष आवडले.

कोणाला सांगू नकोस असे मी लिहिले होते. त्याबद्दल स्वतंत्र पत्र येईल.

तुझ्या पत्रातला एक मुद्दा मी तपासला. तू म्हणतेस ते बरोबर आहे. परत म्हणायचे राहिले. माझे आतापर्यंतचे सगळे सरावाचे कागद काढून पाहिले. लिफ्ट आणि टॉवेल सोडले तर खालच्याशिवाय दुसरा माणूस त्यात नाही, हेही बरोबर आहे. ही मोजणी मी करायला हवी होती. तू केलीस.

खालील पत्र आज सकाळी हत्यारांच्या पेटीत, त्याच्या हातमोज्यांखाली ठेवले आहे. त्याची प्रत तुझ्यासाठी. आईला दाखव. धुलाईघरात वाचायला हरकत नाही, पण इस्त्र्या बंद करून वाच.

तुझी भाची


२ जुलै

खालचा,

१. १२ जूनला तू खड्ड्यातून विचारलेस, “तिकडे जायच्या आधी आपण लग्न करायचं का? वर ऐकू आलं का?”
२. मला ऐकू आले होते.
३. मी ते परत म्हटले नाही. दोर तपासला. दोर आदल्या आठवड्यातच तपासला होता, हे तुलाही माहीत होते.

समोर बोलायला गेले तर मी पुन्हा काहीतरी तपासत बसेन, म्हणून लिहीत आहे.

परत म्हणते: वर ऐकू आलं. तिकडे जायच्या आधी आपण लग्न करायचं.

नव्या शाखेत वरच्याची जागा रिकामी आहे. त्यासाठी माझा अर्ज काल दिला. तुझ्या त्या विनोदावर मी नंतर हसले होते, मोटरच्या खोलीत, वॉकीटॉकी बंद करून. मोठा कप यापुढे पाळीपाळीने घ्यावा.

या पत्रात ‘तू’ लिहिले आहे. ती चूक नाही.

नियमाप्रमाणे तू परत म्हटल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही. ८ जुलैपर्यंत उत्तर कळव.

वरची